चार पानी पत्राबद्दल आभार

आदरणीय काकू,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी सर्वांसमक्ष लिहीत आहे, कारण समोरासमोर आभार मानू लागले की तुम्ही विषय बदलता.

थोरल्या भावाने मला दारातूनच परत पाठवले आणि पुन्हा येऊ नकोस असे बजावले, त्यानंतर अनेकांनी मला क्षमेची वचने ऐकवली. ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा कर, हे प्रभूचे वचन तर इतक्यांनी सांगितले की, भावाच्या रागात त्या हिशेबाचाही राग मिसळला. तुम्ही मात्र मी त्याला लिहिलेले चार पानी पत्र शेवटपर्यंत वाचले, होत्या त्याच घड्यांवर पुन्हा दुमडले आणि म्हणालात, “यातले सगळे खरे आहे, पण तू आकाशातून अग्नी मागते आहेस.” मग पवित्र शास्त्रातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडून तुम्ही मला तो मोठ्याने वाचायला लावलात.

प्रभू येशू यरुशलेमेकडे निघाला आहे म्हणून शोमरोन्यांचे, म्हणजे यहूद्यांशी वैर असलेल्या शेजारच्या लोकांचे, एक गाव त्याचा स्वीकार करीत नाही, याकोब आणि योहान त्या गावावर अग्नी पाडण्याची परवानगी मागतात, आणि प्रभू धमकावतो ते गावाला नव्हे, तर आपल्या शिष्यांना. त्यानंतर ते दुसऱ्या गावी जातात. हे एवढेसे वाक्य मी कित्येकदा वाचले असेल, पण त्या दाराशी ताटकळत न राहणे हेही प्रेमात बसते, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. कारण तोवर क्षमा म्हणजे अपमान गिळून पुन्हा तीच कडी वाजवणे, अशीच माझी समजूत होती.

तुम्ही तेथे थांबू दिले नाही. पुढच्याच अध्यायात प्रभू दाखला सांगतो, आणि जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेणारा निघतो शोमरोनी. ज्या लोकांनी प्रभूला रात्रीचा आसरा नाकारला, त्यांच्यातल्याच एकाला त्याने चांगुलपणाचा नमुना केले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात तर पेत्र या दुसऱ्या शिष्याबरोबर शोमरोन्यांसाठी प्रार्थना करायला जातो तो योहानच. त्याला ते जुने गाव आठवले असेल का, असे तुम्ही विचारलेत आणि उत्तराची वाट न पाहता चहा ठेवायला उठलात.

भाऊ अजून बोलत नाही. त्याचे वागणे मला आजही अन्यायाचेच वाटते, आणि तसे वाटू देण्याची मोकळीक तुम्ही दिलीत, याचे आभार मला सर्वांत आधी मानायला हवे होते. मात्र रोजच्या प्रार्थनेत त्याचे नाव येते, आणि त्याच्या मुलीच्या दृढीकरणाला, म्हणजे तिने मंडळीत आपला विश्वास पक्का करण्याच्या विधीला, मी दोन ओळींचे पत्र पाठवले, ज्यात केवळ आशीर्वाद होता.

ते चार पानी पत्र तुम्ही पवित्र शास्त्रात, लूकच्या पानांत ठेवून घेतले होते. ते अजून तेथेच असेल तर कृपया फाडून टाकावे.

आपली कृतज्ञ,
मंडळीतील एक बहीण