मुंगी म्हणजे सगळीकडे एकच मुंगी नाही हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुंग्या पळवण्याचे घरगुती उपाय वाचले. हळद झाली, व्हिनेगर झालं, खडूची रेघ झाली, लिंबाची सालं झाली, पण कुठली मुंगी हे पूर्ण पानात एकदाही नाही. म्हणजे तापावर औषध सांगायचं आणि कसला ताप ते विचारायचंच नाही, तसं झालं हे.

मी काही शास्त्रज्ञ नाही, पण मूळचा कुडाळकडचा आणि तीसेक वर्षं पुण्यात, त्यामुळे दोन्हीकडच्या मुंग्यांचे चावे खाल्लेत. आमच्याकडे काजूवर आंब्यावर हुमले असतात, लालसर, लांब पायांचे, हिरवी पानं एकमेकांना शिवून फुटबॉलएवढं घर करतात. गंमत म्हणजे शिवायचा धागा मोठ्या मुंगीकडे नसतोच, तो अळीच्या तोंडातून येतो, म्हणून अळीला तोंडात धरून या पानावरून त्या पानावर नुसती फिरवायची, सुताराच्या हातातल्या फेविकॉलच्या बाटलीसारखी. झाडावर चढलात की कडकडून चावतात आणि वर त्या जखमेत ॲसिड सोडतात, डोळ्यातून पाणी काढतात. तरी बाबा ते घर पाडू द्यायचे नाहीत, कारण हुमले असलेल्या काजूवर ढेकण्याचा, म्हणजे कोवळ्या पालवीतला रस शोषणाऱ्या किडीचा, त्रास कमी. (पिठ्या ढेकणाला मात्र तेच हुमले सांभाळतात, त्याचा गोड चिकटा खायला मिळतो म्हणून. फुकट कोणी काही करत नाही.) आता या हुमल्यांना बारमाही पानं लागतात, दमट हवा लागते. घाट चढून पुण्यात आलो ते आजतागायत इथल्या टेकडीवर मला तरी एक हुमला दिसलेला नाही.

मधे घाटातल्या जंगलात आणखी तिसराच प्रकार. झाडाच्या फांदीवर तपकिरी, कागदाच्या लगद्याचं टोपलं दिसतं, थरावर थर असे की पाऊस कौलावरून निथळावा तसा निथळतो. त्या टोपल्यात मुंग्या असतात, आणि त्यातच भोक पाडून तांबूस रंगाचा एक सुतारपक्षी अंडी घालतो.

आणि आमची पुण्याची टेकडी, जिला सगळे ओसाड म्हणतात, तिथे गवताचं बी गोळा करणाऱ्या मुंग्या. बिळाच्या तोंडाभोवती फोलपटांचं गोल कडं दिसलं की समजायचं. यांची तर जुनी नोंद आहे, कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी 1829 च्या सुमारास पुण्यात होता, त्याला परेड ग्राउंडजवळच्या पडीक जमिनीवर गवताच्या बियांचे मूठमूठभर ढीग दिसले, बघतो तर मुंग्या आतलं बी वर आणतायत, पावसाने भिजलेलं, ऊन पडल्याबरोबर वाळत घालायला. आमची आजी तांदळाला ऊन दाखवायची अगदी तसंच. त्याने त्या जातीचं नाव ठेवलं प्रॉव्हिडेन्स, म्हणजे पुढची तरतूद करणारी. त्या काळी युरोपातले बरेच अभ्यासक म्हणायचे की मुंग्या धान्य साठवतात ही भाकडकथा आहे, आणि त्यांचंही चूक नव्हतं, त्यांच्या थंड देशातल्या मुंग्या खरंच साठवत नाहीत, हिवाळ्यात जमिनीत गपगार पडून राहतात. आपल्या घरची मुंगी बघून जगातल्या मुंग्यांबद्दल बोललं की असं होतं, तुमच्या पुरवणीचंही तेच झालंय.

सहारात तर एक चंदेरी मुंगी भर दुपारी बाहेर पडते, तिला खाणारे सरडे सावलीत गेले की थोडी मिनिटं, उन्हाने मेलेले किडे उचलायचे आणि पळत परत. अंगावरची चंदेरी लव ऊन परतवते. उलट अंटार्क्टिका, ग्रीनलंडला मूळची मुंगीच नाही. पण सगळं हवेवरही नसतं, हवाई बेटांवर हवा इतकी छान तरी मूळची एकही मुंगी नव्हती, समुद्र ओलांडून पोचल्याच नाहीत, आता तिथे आहेत त्या सगळ्या माणसाच्या सामानातून गेलेल्या.

आता स्वयंपाकघर. ओट्यावर येणाऱ्या बऱ्याचशा अशाच प्रवासी मुंग्या. डोकं आणि छाती काळपट, मागचं अंग आणि पाय इतके फिकट की पांढऱ्या ओट्यावर दिसतच नाहीत, ती एक. पिवळसर, दोन मिलिमीटरची फॅरो मुंगी दुसरी, ती थंड देशातसुद्धा हीटरवाल्या इमारतीत मजेत राहते. हिच्यावर स्प्रे मारला की उरलेल्या मुंग्या राण्या आणि अंडी घेऊन फुटतात, एका घराची चार घरं होतात. आमच्या सोसायटीत पेस्ट कंट्रोल केलं आणि महिन्याभरात दुसऱ्या मजल्यावरच्या मुंग्या चौथ्यावर, त्यावरून मीटिंगमध्ये भांडणं ती वेगळीच. हिला विषारी आमिषच लागतं, सावकाश काम करणारं, म्हणजे ती ते आत नेऊन राणीला भरवते. आणि गुळाच्या डब्याला लागणारा काळा मुंगळा बाहेर झाडाच्या बुंध्याशी राहतो, तो फक्त जेवायला येतो, त्याच्यासाठी डबा घट्ट लावला आणि खिडकीची फट बुजवली तरी पुरतं. एवढा फरक आहे, आणि तुम्ही सगळ्यांना एकच हळद लावलीत.

तेव्हा पुढच्या वेळी असे उपाय छापाल तर निदान चार मुंग्यांचे फोटो टाका आणि ही कुठली ते लिहा. परवा सकाळी टेकडीवर त्या फोलपटांच्या कड्याभोवती कुणीतरी पांढरी पावडर टाकलेली दिसली. तिथून सगळ्यात जवळचं घर अर्धा किलोमीटर लांब आहे.

आपला,
एक जुना वाचक, पुणे