नानाला फोन केलास का?

सोन्या, जय ख्रिस्त.

पोचल्याचा मेसेज आईला आला, मला आला नाही, म्हणजे राग अजून आहे असं धरून चालतो. परवा स्टँडवर गाडी लागेपर्यंत आपण दोघं अर्धा तास मोबाइलमध्ये तोंड खुपसून उभे होतो आणि बोलायचं होतं ते सगळं गाडी पुलापलीकडं गेल्यावर आठवलं. फोनवर मी तापतो, तू पण तापतोस. म्हणून टाइप करतोय, एका बोटानं, चुका असतील तर सांभाळून घे.

पहिलं हे की तुझा मुद्दा बरोबर होता. नानाकाकानं टाकलेल्या व्हिडिओला उत्तर म्हणून बाळांच्या बाप्तिस्म्यावर तू ग्रुपवर जे लिहिलंस ते मी तीनदा वाचलं, आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो ग्रीक शब्द उलगडून सांगितलास, बायबलातल्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा दाखला दिलास, एका रात्रीत सगळ्या घरादाराचा बाप्तिस्मा, तो. माझ्या वर्कशॉपमधल्या हातांना ग्रीस माहिती, ग्रीक नाही, आणि माझं पोरगं सेमिनरीत, पाळकाच्या शिक्षणात, दुसऱ्या वर्षालाच असं लिहितंय म्हणून छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

पण शेवटची ओळ. "स्टेजवर उड्या मारणाऱ्यांनी आम्हाला बाप्तिस्मा शिकवू नये." ती नसती तर चाललं नसतं का रे? त्या ग्रुपवर ४७ माणसं आहेत, त्यातले निम्मे नानाच्या फेलोशिपमध्ये, त्या टाळ्या वाजवून, उड्या मारून प्रार्थना करणाऱ्या मंडळीत जातात. कुणीतरी स्क्रीनशॉट काढला, रात्रीत तो तासगावपर्यंत फिरला. सकाळी बघतो तर नाना ग्रुपमधून बाहेर. एक शब्द न बोलता. नाना न बोलता कुठून उठून गेलाय असं तू तरी कधी बघितलंयस का?

त्यानं तो व्हिडिओ टाकायला नको होता हे मला मान्य आहे. त्या व्हिडिओतला माणूस आपल्या सगळ्यांचा बाळपणी पाणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा खोटा ठरवत होता, माझा, तुझा, तुझ्या आजोबांचा, आण्णांचा पण, आणि ते ऐकून मलाही झोंबलं. पण नाना सातवी शिकलेला, हळदीच्या सौद्यात दिवाणजी, त्याला आवडलं की तो फॉरवर्ड करतो. निम्म्या वेळा स्वतः पूर्ण बघत पण नाही.

आणि उड्यांचं म्हणशील तर, त्या उड्यांनीच त्याची दारू सुटली. तू तेव्हा लहान, चर्चच्या शब्बाथ शाळेत होतास, तुला फक्त काका आजारी असतो एवढंच सांगितलेलं. आपल्या मंडळीत दर रविवारी त्याचं नाव प्रार्थनेत घ्यायचे, पण त्याच्या घरी कुणी गेलं नाही, मी धरून. ती टाळ्या वाजवणारी माणसं गेली. चार महिने रोज संध्याकाळी गेली, पिऊन पडलेला असला तरी शेजारी बसून राहायची. मग त्यानं कृष्णेत बुडवून परत बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं आणि मला बोलवायला आला, नवीन पांढरा शर्ट घालून. मी त्याला काय म्हणालो ते आईला माहितीय, तुला लिहिणार नाही. घाटावर गेलो नाही. दोन वर्षं बोललो नाही. आण्णांच्या आजारपणात हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी बसायची वेळ आली तेव्हा कुठं तोंड उघडलं. माझं ते बोलणं निदान चार भिंतीत राहिलं, दोघातिघांनी ऐकलं, विसरायला सोपं गेलं. तुझं तसं नाही. ते ४७ फोनमध्ये तारखेसकट पडून आहे.

फोन केलास का त्याला? मेसेज नको, फोन. टाइप केलेल्याला आवाज नसतो. तू कदाचित हसत लिहिलं असशील, त्यानं ते चष्मा लावून, सौद्याच्या गडबडीत, चार माणसांसमोर वाचलं.

आण्णा असते तर त्यांनी १९२९ चं पुराण सुरू केलं असतं. तुला पाठ आहे, तरी सांगतो. आपला सांगलीचा आयर्विन पूल पुरा झाला त्याच साली लखनौला वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या एक करायची बैठक बसली आणि पूल तयार झाला तरी ती बोलणी चालूच राहिली, चाळीस वर्षं. शेवटी २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी झाली. त्यात अँग्लिकन, मेथडिस्ट बाळांवर पाणी शिंपडणारे आणि बाप्टिस्ट, ब्रेदरन मोठ्यांना बुडवणारे. दोन्ही बाप्तिस्मे एकाच मंडळीत चालतील असं ठरलं, कुणीच कुणाला हरवलं नाही. आण्णांना याचं फार कौतुक. मला लहानपणी वाटायचं एवढ्याशा गोष्टीला चाळीस वर्षं कशाला, आता वाटतं माणसं एकमेकांसमोर बसून बोलत होती म्हणून लवकर झालं.

बघ, लेक्चर सुरू झालं. उपदेश करायचा नाही असं ठरवूनच बसलो होतो. तू उद्याचा पाळक, तुला मी काय शिकवणार. बायबलातला मत्तय अठरा तूच सांगितलास गेल्या हार्वेस्टच्या सणाला, भाऊ चुकला तर आधी एकट्याला जाऊन भेट म्हणून, आणि मी मागच्या बाकावर बसून डोळे पुसत होतो, हे तुला कुणी सांगितलं नसेल. पौल आणि बर्णबा, दोघं प्रचारक, सोबतच्या मार्कवरून एवढे भांडले की दोघांचे रस्तेच वेगळे झाले. लूकनं ते बायबलात लिहूनही ठेवलं, दोन हजार वर्षांपूर्वीचा स्क्रीनशॉटच म्हणायचा तो. पण म्हातारपणी तुरुंगातून पौलच लिहितो ना, मार्कला घेऊन ये. असो. हे पण लेक्चरच झालं, माफ कर.

खरी भीती सांगू का? तू वादात हरशील याची मला भीती नाही. तू प्रत्येक वाद जिंकशील आणि एक दिवस पुलपिटवरून बघशील तर समोर बाक रिकामे.

२०१९ चा पूर तू होस्टेलवरून टीव्हीवर बघितलास. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं. नाना आणि त्याची ती उड्या मारणारी पोरं छातीभर पाण्यातून आपल्या गल्लीत आली, आईला आणि शेजारच्या आजीला दोर धरून बाहेर काढलं. नंतर त्यांच्या हॉलमध्ये आठ दिवस खिचडी शिजत होती. तुमचा बाप्तिस्मा कसला, असं ताट देताना कुणी विचारलं नाही. मला गळ्यापर्यंत भिजलेला बघून नाना म्हणाला, "दादा, आता तरी तुझा पुरा झाला बघ!" दात वाजत असताना आम्ही दोघं पायरीवर बसून एवढं हसलो की आजीला वाटलं पोरं भ्रमली. बारा-तेरा वर्षं जे भांडण पोटात ठेवलेलं ते असं एका वाक्यात बाहेर पडलं. तुझ्या वाक्यात ते हसू नव्हतं रे, एवढंच माझं म्हणणं.

आता जे सांगणार नव्हतो ते. मंगळवारी सकाळी मिरजेला त्याची अँजिओग्राफी आहे. महिन्यापासून जिना चढताना दम लागतोय, तुझ्या मेसेजच्या आधीपासून, तेव्हा उगीच स्वतःवर घेऊ नकोस. काकूनं बजावलंय की पोराला कळवायचं नाही, त्याच्या परीक्षा आहेत. तुझ्या बारावीच्या क्लासची फी कुणी भरली ते आठवत असेलच, त्याचा हिशोब मी काढत नाही, सहज बोटावर आलं.

मत बदल असं मी म्हणत नाही. मी पण बदललेलं नाही, तुझ्या बाळांना पाळकसाहेबांकडूनच पाणी शिंपडून घेणार, नाना काहीही म्हणू दे. फक्त ती शेवटची ओळ मागे घे, आणि घेतलीस हे त्याच ग्रुपवर लिही, कारण बोललास पण तिथंच. त्याआधी फोन. मंगळवारच्या आधी. दुपारी दोन ते तीन सौदे नसतात, तेव्हा कर, आणि त्यानं पहिल्या रिंगला उचलला नाही तर परत कर.

भडंगचा डबा तू बाकावरच विसरलास. मी परत येताना नानाकडं ठेवला, त्याला सांगितलं पोराचा आहे, उघडू नको. शनिवारी येणार असशील तर आईला कळव, ती मासे आणायला सांगतेय.

पप्पा