मारणं आणि मिरवणं

वाळपई

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

दसऱ्याला आजोबांची बंदूक हातात धरून काढलेला फोटो तू स्टेटसला ठेवलास आणि खाली लिहिलंस, ‘गुन्हेगाराला हीच भाषा कळते.’ फोटोचा मला राग नाही. ती बंदूक कोयता-पारईबरोबरच घरात वावरली, दसऱ्याला तिलाही झेंडू मिळतो. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, रानडुकरं शिरली की एका रात्रीत काय होतं ते तू पाहिलंयस, म्हणून तो परवाना. निवडणूक आली की ती मुकाट्याने पोलीस स्टेशनात जमा होते. आजोबांनी तिची फुशारकी मारलेली मी कधी ऐकली नाही. मला बोलायचंय ते खालच्या ओळीबद्दल.

कुणाला मारणं कधीच बरोबर नसतं, असं मी म्हणणार नाही. अंगावर आलेल्याला अडवताना त्याचा जीव गेला तर कायदाही ते समजून घेतो. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. नाइलाजाने करावं लागलेलं मिरवायचं कसं, हे मला कळत नाही.

१९ डिसेंबरचंच घे. गोवा मुक्तिदिन आपण साजरा करतो, करावाच. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या होत्या. आझाद गोमंतक दलाच्या पोरांनी हत्यार उचललं, त्यांना नावं ठेवणारी मी कोण? शेवटी १९६१ मध्ये सैन्य आलं. त्या दीडेक दिवसात दोन्हीकडची मिळून पन्नासेक माणसं गेली, आणि आकडा तेवढ्यावर थांबला याचं थोडं श्रेय शत्रूच्या सेनापतीलाही द्यावं लागतं. लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता: जिंका नाहीतर मरा, शरणागती नाही. गव्हर्नर जनरल वासाल्लो इ सिल्वाने तो मोडला आणि शरणागतीवर सही केली. त्याच्या हाताखालचे तीन हजारांवर सैनिक जगले, आपले किती वाचले कोण जाणे. त्याच्या देशाने १९६३ मध्ये त्याला लष्करातून काढलं. सालाझारने उभारलेली राजवट १९७४ मध्ये कोसळली, तेव्हा कुठे त्याला हुद्दा परत मिळाला. मुक्तिदिनाच्या भाषणांत त्याचं नाव मी फारसं ऐकलेलं नाही. घ्यायला हरकत नसावी.

तुझी ओळ वाचून मला २०१९ चं हैदराबाद आठवलं. एका तरुण पशुवैद्य मुलीवर बलात्कार करून तिला मारलं होतं. मीही बाई आहे, त्या आठवड्यात माझ्या मनात काय काय आलं ते इथे लिहीत नाही. ६ डिसेंबरच्या पहाटे चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले आणि लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, मिठाई वाटली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये बाहेर आला. पोलिसांची चकमकीची कहाणी रचलेली होती, मारण्याच्याच इराद्याने गोळ्या झाडल्या होत्या, आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असं त्यात आहे. गुन्हा त्यांनी केला असेलही. पण खटला उभाच राहिला नाही, म्हणजे त्या रात्री नेमकं काय घडलं, ते मुलीच्या घरच्यांनाही कोर्टातून कधी कळायचं नाही.

तू म्हणशील, कोर्टात वर्षं जातात. जातात रे. आपला मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) दावा तुझ्या जन्माआधीपासून चालू आहे. म्हणून मी कुणावर नेम धरायचा?

दिवाळीला येशील तेव्हा हवी तेवढी हुज्जत घाल. फक्त एवढं सांग, धरलेला माणूस भलताच निघाला, तर त्या दिवशी मिठाई वाटणाऱ्यांनी करायचं काय?

सुपारी सोलायला यंदाही माणसं मिळत नाहीत. जमलं तर दोन दिवस आधीच ये.

तुझी,
आई