मॅक्रो लेन्स घेताना अंतर विचारा

संपादक महोदय,

पावसाळी छायाचित्रणावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मॅक्रो लेन्सबद्दल, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्सबद्दल, '१:१ देणारी घ्या' (किडा सेन्सरवर खऱ्या आकारात उमटवणारी) एवढंच त्यात आहे. अहो, ६० एमएमही १:१ देते आणि १०० एमएमही! फरक आहे तो लेन्स आणि किड्यातल्या अंतराचा.

निवृत्तीनंतर मी स्वस्त पडते म्हणून ६० एमएम घेतली. १:१ला तिचं तोंड किड्यापासून जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटरवर येतं. आंबोलीत चतुर उडून जायचे, बेडूक बसला तरी फ्लॅशमध्ये लेन्सचीच सावली त्याच्यावर. मलबार पिट व्हायपर हा विषारी साप दिसला त्या रात्री तर कॅमेरा पिशवीतच राहिला. (घरी हे सांगितलेलं नाही.)

आता १०० एमएम आहे. अंतर साधारण चौदा-पंधरा सेंटिमीटर. चतुर बसून राहतो. सापाला तेही कमीच, त्याचा फोटो लांबूनच. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) मात्र इतक्या जवळून फारसं कामाला येत नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. एफ/११ (म्हणजे लेन्सचं छिद्र लहान) आणि फ्लॅश, बस्स.

हौस टिकते का हेच पाहायचं असेल, तर घरातल्या ५० एमएम लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावून आधी परसातल्या मुंग्या टिपा.

— एक निवृत्त शिक्षक, सावंतवाडी