१९६७ चा पेनंट एकट्या यास्त्रेम्स्कीचा नव्हता

माननीय संपादक महोदय,

अमेरिकन लीगच्या १९६७ च्या बेसबॉल मोसमाचा विषय निघाला की बोस्टन रेड सॉक्सचा कार्ल यास्त्रेम्स्की आणि त्याचा तिहेरी मुकुट एवढ्यावरच बोलणे आटोपते. ०.३२६ ची सरासरी, ४४ होम रन, म्हणजे एकाच फटक्यावर चारही बेस पूर्ण करून देणारे फटके, आणि १२१ आरबीआय, म्हणजे आपल्या फलंदाजीतून संघाला मिळवून दिलेल्या धावा, या तिन्ही बाबतींत तो लीगमध्ये सर्वांत वर होता, आणि हा पराक्रम पुन्हा घडण्यासाठी २०१२ मध्ये मिगेल काब्रेरापर्यंत थांबावे लागले. हे सारे मान्य करूनही मला आग्रहाने असे म्हणायचे आहे की तो मोसम मोठा ठरला तो शर्यतीमुळे. ती शर्यत बाजूला ठेवली, तर खुद्द यास्त्रेम्स्कीच्या आकड्यांचेही खरे मोल कळत नाही.

त्या काळी लीगमध्ये दहा संघ होते. प्रत्येकाने १६२ सामने खेळायचे, त्यांत जो पहिला येईल त्यालाच लीगचे विजेतेपद म्हणजे पेनंट मिळायचा आणि तोच थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेत, जायचा. दुसऱ्या क्रमांकाला काहीही नव्हते. लीगचे दोन विभाग आणि त्यांच्या विजेत्यांमधील लढत ही व्यवस्था १९६९ पासून आली. त्यामुळे एप्रिलमध्ये गमावलेला एक सामना आणि सप्टेंबरअखेरीस गमावलेला एक सामना यांची किंमत अगदी सारखी होती, आणि अखेरच्या तक्त्यात बोस्टन ९२ विजय, डेट्रॉईट आणि मिनेसोटा प्रत्येकी ९१, शिकागो व्हाईट सॉक्स ८९ असे चार संघ तीन सामन्यांच्या आत उभे होते.

यांपैकी शिकागोविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यांच्यावर सर्वांत जास्त अन्याय झाला आहे असे माझे मत आहे. या संघाची एकत्रित फलंदाजीची सरासरी अवघी ०.२२५ होती. अशा फलंदाजीवर एखादा संघ सहसा तक्त्याच्या तळाशी जातो, पण शिकागोचे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे खेळाडू, नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी २.४५ धावाच आपल्या खात्यावर लागू देत होते. ज्यो हॉर्लेनने १९ सामने जिंकले, अशा धावांची २.०६ ही लीगमधील सर्वोत्तम, म्हणजे सर्वांत कमी, सरासरी राखली आणि १० सप्टेंबरला, ऐन शर्यतीत, डेट्रॉईटला एकही हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, मिळू दिली नाही. अखेरचे पाच सामने उरले तेव्हा शिकागोला आणखी काय हवे होते? दोन सामने तळाच्या कॅन्सस सिटीशी आणि तीन वॉशिंग्टनशी होते. २७ सप्टेंबरला कॅन्सस सिटीने डबलहेडरचे, म्हणजे एकाच दिवशी लागोपाठ खेळलेले, दोन्ही सामने जिंकले, त्यातल्या दुसऱ्यात कॅटफिश हंटरने शिकागोला एकही धाव करू दिली नाही, आणि पुढे वॉशिंग्टननेही तिन्ही सामने घेतले. सहा महिने पिचरांनी तोललेला डोलारा पाच सामन्यांत कोसळला, तरी त्या सहा महिन्यांचे श्रेय त्यांच्याकडून काढून घेता येत नाही.

बोस्टनचा प्रवास उलट दिशेचा होता. १९६६ मध्ये हा संघ नववा आला होता आणि त्याने शेवटचा पेनंट १९४६ मध्ये जिंकला होता. नवे मॅनेजर डिक विल्यम्स यांनी आपल्या पहिल्याच वर्षी संघाला कडक शिस्त लावली. १८ ऑगस्टला तरुण फलंदाज टोनी कोनिग्लियारोच्या चेहऱ्यावर चेंडू आदळला, त्याचा डोळा जायबंदी झाला आणि त्याला तो उरलेला मोसमच नव्हे, तर १९६८ चे संपूर्ण वर्षही मुकावे लागले. एवढा आघात सोसून संघ उभा राहिला, त्यात इतरांचा वाटा किती होता हे दाखवणारा एक प्रसंग २७ ऑगस्टचा आहे. शिकागोविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये शिकागोचा धावपटू बरोबरीच्या धावेसाठी होम प्लेटकडे, जिथे धाव पूर्ण होते तिकडे, धावत येत असताना बोस्टनच्या होजे टार्टाबुलने थ्रो केला. त्याचा हात जोरकस म्हणून कधीच ओळखला जात नव्हता. कॅचर एल्स्टन हॉवर्डने पायाने प्लेट अडवून धावपटूला बाद केले आणि सामना तिथेच संपला. हाच हॉवर्ड एप्रिलमध्ये न्यूयॉर्क यांकीज या संघाकडून खेळत होता, आणि बोस्टनच्या पिचर बिली रोरचा पदार्पणातील नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता पूर्ण केलेला सामना, त्यानेच नवव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना हिरावून घेतला होता.

अखेरचे दोन दिवस तर पेनंट शर्यतीच्या इतिहासात वेगळे काढून ठेवावेत असे आहेत. ३० सप्टेंबरला बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर बोस्टन आणि मिनेसोटा समोरासमोर आले. मिनेसोटा आघाडीवर असताना त्यांचा पिचर जिम काट कोपराच्या दुखापतीने मैदानाबाहेर गेला. पुढे यास्त्रेम्स्कीने तीन धावांचा होम रन मारला आणि बोस्टनने ६-४ असा सामना जिंकला. तो त्याचा ४४ वा होम रन होता. नवव्या इनिंगमध्ये मिनेसोटाच्या हार्मन किलब्रूनेही आपला ४४ वा होम रन मारल्याने त्या मुकुटाचा एक तृतीयांश भाग वाटून घ्यावा लागला, ही गोष्ट सांगणारे बहुधा वगळतात.

१ ऑक्टोबरला पुन्हा मिनेसोटाशीच गाठ होती आणि बोस्टनचा पिचर होता जिम लॉनबोर्ग. त्या मोसमात त्याने २२ सामने जिंकले आणि सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कारही मिळवला, पण मिनेसोटाविरुद्ध तोवर त्याला त्या वर्षी एकही विजय मिळाला नव्हता. सहाव्या इनिंगला बोस्टन ०-२ ने मागे असताना लॉनबोर्गनेच बंट करून, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच ढकलून, पहिला बेस गाठला आणि त्या इनिंगमध्ये पाच धावा निघाल्या. त्यात यास्त्रेम्स्कीचा बरोबरी साधणारा फटका होता, आणि आठव्या इनिंगमध्ये मिनेसोटाच्या बॉब ॲलिसनला दुसऱ्या बेसवर बाद करणारा थ्रोही त्याचाच होता. त्या दोन सामन्यांत त्याने आठपैकी सात वेळा हिट मिळवली. माझ्या दृष्टीने त्याचे मोठेपण वर्षअखेरच्या तीन आकड्यांपेक्षा या दोन दुपारींत अधिक आहे.

हा सामना जिंकूनही बोस्टनचे काम संपले नव्हते. पावसाने रखडलेल्या सामन्यांमुळे डेट्रॉईटला अखेरच्या दोन्ही दिवशी कॅलिफोर्निया एंजल्सशी डबलहेडर खेळावे लागले. शेवटच्या दिवशी दोन्ही सामने जिंकले असते, तर बोस्टनशी बरोबरी होऊन आणखी एक निर्णायक सामना झाला असता. पहिला त्यांनी जिंकला. दुसऱ्यात डिक मॅकऑलिफच्या फटक्यावर एंजल्सनी एकाच चेंडूवर दोघांना बाद केले, सामना ८-५ असा हातचा गेला आणि आपल्या क्लबहाऊसमध्ये रेडिओभोवती बसलेल्या बोस्टनच्या खेळाडूंना पेनंट मिळाला. वर्ल्ड सिरीज ते सेंट लुईस कार्डिनल्सकडून चार विरुद्ध तीन सामन्यांनी हरले. बॉब गिब्सनने त्यात तीन सामने जिंकले.

आपल्या क्रीडा पानांवर जुन्या मोसमांचे स्मरण होते, तेव्हा १९६७ साठी यास्त्रेम्स्कीच्या छायाचित्राशेजारी त्या चार संघांचा अखेरचा तक्ताही छापावा आणि ज्यो हॉर्लेनचे नाव त्यात जरूर यावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक