तुझे कागद जमले, एक सोडून

कराड,
रविवार

प्रिय बाळ्या,

तुझ्या अमेरिकेतल्या ग्रीन कार्डाच्या अर्जासाठी वकीलबाईंनी दिलेल्या यादीतलं एक सोडून सगळं हातात आलं. जन्माचा दाखला मिळाला, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल मिळाली, प्रतिज्ञापत्रं झाली, भाषांतरंही झाली. फोनवर एवढंच सांगितलं, कारण तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती आणि तू नुसता 'हं, हं' करत होतास. म्हणून सविस्तर लिहितोय. नीट वाच आणि वहिनींनाही समजावून सांग. मूळ अर्जदार त्या आहेत, मुलाखतीत प्रश्न त्यांनाही विचारतील.

आधी जन्माचा दाखला. तू म्हणाला होतास, 'आपल्या ग्रामपंचायतीत जा, पाच मिनिटांचं काम आहे.' बाबा रे, आपल्या ग्रामपंचायतीच्या लेखी तू जन्मलेलाच नाहीस! 1986 ची सगळी पानं भाऊसाहेबांनी माझ्यासमोर उलटली. (ग्रामसेवकांना आता 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणायचं असा सरकारी निर्णय झालाय, पण हाक 'भाऊसाहेब' हीच.) तुझ्या बहिणीची नोंद पुढच्या वर्षांत सापडली, तुझी कुठेच नाही. भाऊसाहेबांनीच विचारलं, 'थोरला का हा? मग आजोळी बघा की.' काकूंना विचारलं तर त्या हसल्या. 'पहिलं बाळंतपण माहेरी नाही तर कुठं व्हायचं?' हे त्यांना इतकं उघड वाटत होतं की इतकी वर्षं कुणाला सांगायची गरजच पडली नाही.

मग विट्याच्या बाजूला, तुझ्या मामांच्या गावी गेलो. मामा गाडीवर मागे बसून रस्ताभर ऊसदराबद्दल बोलत होते. तिथलं रजिस्टर जाड पुठ्ठ्याचं, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पण आतलं अक्षर काय सुरेख! निळ्या शाईत तुझी ओळ: 19 ऑगस्ट 1986, पुरुष, जन्मठिकाण घरी, वडिलांचं पूर्ण नाव, आईचं नाव सुमन, नोंदणीची तारीख 25 ऑगस्ट 1986. आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा. कोरा असणारच. सहाव्या दिवशी नोंद झाली, बारसं बाराव्या दिवशी. नाव ठेवल्यावर पुन्हा ग्रामपंचायतीत जाऊन कोण लिहून आणतो?

म्हणजे दाखला मिळाला, पण त्याच्याबरोबर तीन भानगडी मिळाल्या. तुझं नाव त्यात नाही. आईचं नाव पासपोर्टवर इंदुमती, इथे सुमन. कारण लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने जे नाव लिहिलं ते सासरचं, आणि आजोळी नोंद सांगणाऱ्याने माहेरचं सांगितलं. तिसरं म्हणजे जन्मठिकाण. शाळेत गुरुजींनी बिनदिक्कत आपलं गाव लिहिलं, शाळेवरून ते पासपोर्टवर गेलं, आणि खरा जन्म सांगली जिल्ह्यात. तारीख तेवढी जुळते, ही देवाची कृपा. आपल्या वर्गातले निम्मे 1 जूनला जन्मले, मीही त्यातलाच. गुरुजींना शाळा भरताना वय बसवायचं होतं, त्यांनी बसवलं. तुझे वडील पोस्टात होते म्हणून तुझी तारीख खरी राहिली.

आता महत्त्वाचं. तालुक्याला कचेरीच्या बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसतात त्यातल्या एकाने माझे कागद बघितले आणि म्हणाला, 'साहेब, हे जुनं कशाला दाखवता? नवी नोंद करून देतो. मुलाचं नाव, आईचं नाव, गाव, सगळं पासपोर्टप्रमाणे.' तुला मोह होईल म्हणून सांगतो: अजिबात नाही. एका माणसाचा जन्म दोनदा नोंदवणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात तुझंच नुकसान आहे. वर्षाहून जास्त उशिरा होणाऱ्या नोंदीला अधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी तो प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा असायचा, 2023 च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी किंवा प्रांत यांच्याकडे आला. आणि दाखल्यावर नोंदणीची तारीख छापलेली असते. जन्म 1986 चा आणि नोंद आत्ताची, असा कागद पुढे आला की तिकडचा अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारणार की अर्जाच्या आधीच नेमकी नोंद कशी झाली. मग तो त्या काळातले पुरावे मागणार, म्हणजे फिरून शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्रंच. तुझ्या कागदावर 25 ऑगस्ट 1986 आहे. ती तारीख आज कुणालाही पैसे देऊन मिळणार नाही. रकाना कोरा असू दे, आईचं नाव माहेरचं असू दे. आहे तसं द्यायचं आणि बाजूला खुलासा जोडायचा. वकीलबाईंचं मतही हेच असेल असं मला वाटतं, त्यांना विचार.

नाव चढवायचा अर्जही मी दिलाय. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात कलम 14 त्यासाठीच आहे. पण मुदतीचा प्रश्न आला, म्हणून भाऊसाहेबांनी वर विचारणा केलीय. सुरुवातीला 'एक सोडून' म्हटलं ते हेच. त्याच्यावर अडून बसू नकोस. उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तर बाकीचे कागद पुरेसे बोलके आहेत. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही काढलेत.

प्रतिज्ञापत्रांत सगळ्यात जास्त वेळ गेला. नोटरीकडे तयार मजकूर असतो, 'मी प्रतिज्ञेवर खरे सांगतो की सदर इसमास मी ओळखतो' वगैरे. त्यात नावं भरायची, शिक्का मारायचा, झालं. अमेरिकेला ते चालत नाही. साक्षीदाराचं पूर्ण नाव, पत्ता, त्याची स्वतःची जन्मतारीख नि जन्मठिकाण, तुझं नातं, आणि मुख्य म्हणजे हे त्याला कसं माहीत, एवढं सगळं लागतं. म्हणून मी मामांना म्हटलं, 'फॉर्म राहू दे, काय झालं ते सांगा.' ते सांगायला लागले आणि नोटरी टायपिंग थांबवून ऐकत बसला. त्या दिवशी राखी पौर्णिमा होती. काकूंनी सकाळी मामांना राखी बांधली, ओवाळलं, आणि दुपारनंतर पोटात दुखायला लागलं. ओढ्याला पाणी होतं, विट्याला न्यायची सोय नव्हती, म्हणून सुईणीला बोलावलं. दिवेलागणीला तू झालास. मामांनी ती राखी पुढे महिनाभर हातातून काढली नाही. मी कॅलेंडर काढून पाहिलं, 19 ऑगस्ट 1986 ला राखी पौर्णिमाच होती! हे सगळं त्यांच्याच शब्दांत प्रतिज्ञापत्रात घातलंय. दुसरं तुझ्या मावशीचं. ती तेव्हा चौदा वर्षांची, पाणी तापवायला तिलाच बसवलं होतं. तिसरं काकूंचं: सुमन आणि इंदुमती ही एकाच बाईची नावं, त्यासोबत त्यांच्या लग्नाची पत्रिका जोडली. पत्रिका ट्रंकेत होती, लाल कागदावर, 'चि. सौ. कां. सुमन' असं ठसठशीत छापलेली. स्टॅम्प पेपर मात्र आता पाचशेचा लागतो. ऑक्टोबर 2024 पर्यंत शंभराचा चालायचा. तीन गुणिले पाचशे, हिशेब तुझ्याकडे लिहून ठेवलाय.

घटस्फोटाची नक्कल. हे तू माझ्यावर सोपवलंस तेव्हा थोडा वेळ आवाज बदलला होता तुझा, ते मला कळलं. कोर्टात नक्कल विभागाला खटल्याचा नंबर लागतो, तो तुझ्या जुन्या वकिलांच्या डायरीत मिळाला. फाईल रेकॉर्ड रूमला गेलेली, ती वर यायला वेळ लागला. मी निकालपत्र आणि हुकूमनामा दोन्ही मागितले. नुसत्या निकालपत्रावर कधी कधी भागत नाही. मिळाल्यावर प्रत्येक पानावरचा 'खरी नक्कल' हा शिक्का तपासला. शेवटच्या पानावर अर्ज केव्हा आला, नक्कल तयार केव्हा झाली, दिली केव्हा, अशा तारखा असतात, त्याही पाहिल्या. पानं उलटताना मजकूर डोळ्यांखालून जातोच, बाळ्या. परस्पर संमतीचा अर्ज, दोघांच्या सह्या, 'कोणतीही पोटगी मागणार नाही', बस. दोन भल्या माणसांचं जमलं नाही, एवढंच त्यात आहे. वहिनींना तो कागद दाखवायला तुला अवघड वाटत असेल तर वाटू देऊ नकोस. फॉर्ममध्ये पहिलं लग्न संपल्याची तारीख म्हणून हुकूमनाम्याचीच तारीख लिही. तुम्ही वेगळे राहायला लागलात ती नको, अर्ज केलात तीही नको. तुमचं आत्ताचं लग्न त्यानंतरचं आहे, एवढं अधिकाऱ्याला एका नजरेत दिसलं पाहिजे.

भाषांतर आपल्या इंग्रजीच्या बाईंनी केलं. निवृत्त झाल्यात, पण लाल पेन अजून हातातच. निकालपत्रातलं एक वाक्य वाचून म्हणाल्या, 'या वाक्यात कर्ता कुठंय?' मी म्हटलं, बाई, न्यायाधीशांचं मराठी सुधारायचं नाही, आहे तसं इंग्रजीत न्यायचंय. शिक्के, सह्या, कोपऱ्यातला नंबर, सगळं त्यांनी उतरवलं. 'गोल शिक्का, अस्पष्ट' असंसुद्धा. खाली लिहून दिलं की दोन्ही भाषा मला येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, मग नाव, पत्ता, सही, तारीख. एवढं पुरतं, सरकारमान्य भाषांतरकार लागत नाही. जन्माचा दाखला मुळात मराठी-इंग्रजी दोन्हींत छापलेला, पण आतला मजकूर हाताने मराठीत भरलाय, म्हणून त्याचंही करून घेतलं. बाईंनी पैसे घेतले नाहीत. त्यांना तिकडून काय पाठवायचं ते तू बघ. चॉकलेट नको, साखर आहे त्यांना.

दोन गोष्टी मुद्दाम केल्या नाहीत. एक, ॲपोस्टील. मंत्रालयातून शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा शिक्का, असं करून देणारे भरपूर आहेत आणि पैसेही भरपूर घेतात. अमेरिकेच्या या कामाला ते लागत नाही. दुसरं, इथला पोलिसांचा दाखला. तुझ्या चुलत भावाने फार आग्रह धरला, कारण त्याच्या मेव्हणीला लागला होता. पण ती इथून, मुंबईच्या वकिलातीतून व्हिसा घेऊन गेली. तिला पासपोर्ट ऑफिसचा तो दाखला लागणारच, पाचशे रुपये फी आहे त्याची. तू तिथेच राहून अर्ज करतोयस आणि तुझ्या यादीत तो नाही. उद्या मागितलाच, तर भारतीय वकिलातीमार्फत तिकडूनही निघतो.

आता तुझं काम. सगळ्याचे रंगीत स्कॅन मेलवर टाकलेत, मागच्या कोऱ्या बाजूंसकट. अर्जाला प्रती जोडा, मूळ कागद मुलाखतीला हातात असू द्या. जन्मठिकाण दाखल्याप्रमाणेच लिही आणि पासपोर्टवर वेगळं का आहे याचं एक पानभर निवेदन जोड. मी मराठीत कच्चं लिहून दिलंय. नावाचं स्पेलिंग तर आधी बघ. शाळेच्या दाखल्याच्या इंग्रजी प्रतीवर तुझ्या मधल्या नावात एक 'एच' कमी आहे. 'या नावानेही ओळखले जाते' असा रकाना फॉर्ममध्ये असतो, त्यात तेही टाक. लपवण्यासारखं काही नाही, मग सगळीच नावं सांगून मोकळा हो.

मूळ कागद कुरिअरने पाठवायला माझं मन घेत नाही. निकालपत्र पुन्हा मिळेल, पण काकूंची पत्रिका एकच आहे. तुझ्या ऑफिसातला तो पुण्याचा मुलगा पुढच्या महिन्यात परत जाणार म्हणालास, त्याचा नंबर दे. मी पुण्याला जाऊन पाकीट त्याच्या हातात देतो. काकू त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठवणार आहेत, त्याला आधीच सांगून ठेव, म्हणजे ऐनवेळी बॅगेत जागा नाही म्हणायचा नाही. आणि नाव चढवायच्या अर्जाचं उत्तर आलं की फोन करतो, तुझी वेळ बघून.

तुझा,
गण्या