अण्णांची वही

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, रागावू नका, पण मी ठरवून टाकलंय. आजपासून रात्री आयसीयूबाहेरच्या बाकावर झोपायचं नाही. काकूशी आणि चिन्मयशी बोलून झालंय. अण्णांना गुंगीचं औषध चालू आहे, बाहेर कोण बसलंय ते त्यांना कळत नाही. गरज पडली तर सिस्टर फोन करतील आणि चिन्मय तुम्हाला जेल रोडच्या घरून गाडीनं घेऊन जाईल. भाऊ तुमचा आहे, मला का ते माहीत नाही? म्हणून तर बाकाऐवजी दुसरं काम देतेय.

अण्णांचे आयसीयूतले दिवस रोज लिहून ठेवायला चिन्मयबरोबर वही पाठवलीय. दोनशे पानी, एकरेघी, वर पुसता येईल असं प्लास्टिकचं कव्हर. पेन साधं बॉलपेनच वापरा, सॅनिटायझरच्या ओल्या हातानं जेलची शाई फराटते. वही अण्णांच्या बेडवर ठेवायची नाही, ती काकूच्या पिशवीत राहील. सिस्टरना वेळ असेल तर दोन ओळी लिहायची विनंती करा.

अण्णा बरे झाले की त्यांना हे दिवस सलग आठवणार नाहीत. जे आठवेल त्यातही खरंखोटं मिसळलेलं असेल. नळी ओढू नये म्हणून हात बांधले असतील, तर नंतर त्यांच्या लेखी त्याचं ‘मला कोंडून ठेवलं होतं’ होऊ शकतं. ती भीती माणूस घरी घेऊन येतो आणि लाजेनं कुणाला सांगत नाही. म्हणून हात का बांधले, औषधाचा पंप कसा वाजत होता, हे मुद्दाम लिहा.

पहिल्या पानावर त्यांना दवाखान्यात कधी, कसं आणि का आणलं ते साध्या भाषेत. मग रोज तारीख, वेळ, पाच-सात ओळी आणि खाली नाव. लिहायचं त्यांच्याशी बोलल्यासारखं: “अण्णा, आज सकाळी गुंगी कमी केली तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत. काकूनं हात धरला होता. बाहेर पाऊस होता.” ऑक्सिजन, बीपीचे आकडे नकोत, ते फाइलमध्ये असतात. नुसतं ‘लवकर बरे व्हा’ही नको, त्यानं एकही दिवस भरून निघत नाही. एखादा दिवस चुकला तर चुकला असं लिहा, मागाहून आठवून रंगवू नका. बाबा, प्रेसमध्ये एकेका कागदाचा हिशोब ठेवलात, हे तुमच्याइतकं नीट कुणाला जमणार?

बिलाचे पैसे, वाटणीचा विषय, कोण आलं नाही, यातलं काहीही या वहीत नको. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वेगळ्या छोट्या डायरीत. फोटो दवाखान्याची परवानगी असेल तरच. ते वहीत न चिकटवता पाकिटात ठेवा, आणि आई, फॅमिली ग्रुपवर तर अजिबात टाकायचे नाहीत.

हे काही औषध नाही, तेही सांगते. अशा वहीवर युरोपातल्या सहा देशांत ३५२ पेशंटांचा अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. वही मिळालेल्यांत आघातानंतरचा मानसिक त्रास नव्यानं सुरू झाल्याचं प्रमाण सुमारे ५ टक्के होतं, तोवर न मिळालेल्यांत १३. पण २०१९च्या फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासात ठळक फरक दिसला नाही. तरी मी लिहायलाच सांगेन. काचेबाहेर नुसतं बसलेल्या माणसाच्या हाताला काम लागतं, आणि घरातल्या सगळ्यांना कालचा दिवस सारखाच कळतो.

डिस्चार्जच्या दिवशी वही अण्णांच्या हातात देऊ नका. ते विचारतील तेव्हाच द्या, शेजारी कुणीतरी बसलेलं असू द्या, आणि नको म्हणाले तर कपाटात राहू दे. बरं होण्याचा रस्ता लांबला, किंवा मनासारखं झालं नाही, तरी ती वही काकूची असेल.

आई, बाबांना सात वाजता जेवायला वाढ. रात्रीची बीपीची गोळी डब्यात दिसली की मला फोन करून सांगायचं. आणि तू स्वतः दुधात पोळी कुस्करून भागवू नकोस. मला लहानपणी ताप आला की तू तसंच करायचीस, मला सगळं दिसायचं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. तोवर पहिलं पान लिहून ठेवा.

तुमची,
मनू